शाखा शहरात, नदी कणकुंबीत

निसर्गाचा अभ्यास करणाऱ्या आमच्या विद्वत्संस्थांचा इतिहास लिहावयास कोणी बसला, तर पहिल्या पानावर त्याला मुंबई लिहावी लागेल आणि शेवटच्या पानावरही बहुधा एखादे शहरच येईल. मधल्या पानांवर मात्र कणकुंबी, तळेवाडी, चोर्ला अशा गावांची रांग लागेल. परंतु ती केवळ 'नमुना येथे मिळाला' एवढ्यापुरती. आमची तक्रार नेमकी हीच आहे.

कणकुंबी हे खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकावरील गाव. मलप्रभा येथे उगम पावते, पूर्वेस वळते आणि कूडलसंगमास कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराची वाट धरते. याच परिसरातील कळसा नाला पश्चिमेस घाट उतरून म्हादईला मिळतो व मांडवीच्या मुखाने अरबी समुद्रास जातो. ज्या गावाचा पाऊस दोन समुद्रांस वाटला जातो, त्या गावी शास्त्राची एक पडवी तरी कायमची असावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येईल काय?

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 15 सप्टेंबर 1883 रोजी आठ जणांनी मुंबईत स्थापिली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिने सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी हाती घेतली. त्याच काळात, 1913 साली, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतील एका दुर्मिळ वटवाघळाची शास्त्रास ओळख झाली. नाव मात्र मिळाले रॉटन साहेबांचे. 2007 साली चोर्ला परिसरातील एका देवगांडुळाला निदान म्हादईचे नाव लाभले. 1987–88 साली नवापूर व कन्याकुमारी येथून निघालेल्या पश्चिम घाट बचाव पदयात्रा गोव्यात एकत्र आल्या. 2011 साली भीमगड अभयारण्य घोषित झाले, त्यामागे अशा अभ्यासाचे बळ होते. या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत. परंतु ऋण मान्य करणे निराळे आणि हिशेब न विचारणे निराळे.

हिशेब असा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाचा अहवाल 2011 साली सादर केला. निर्णय ग्रामसभांपासून वर जावा, हा त्याचा गाभा. शासनाने तो दडविला. केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल 2012 मध्ये तो उघड करण्याचा आदेश दिला आणि 17 मे 2012 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने शासनाचे म्हणणे फेटाळले. दडविलेला अहवाल न्यायालयाने उघडविला. पण त्यावरचे इंग्रजीचे कुलूप न्यायालयाने काढावयाचे नव्हते, ते विद्वत्संस्थांनी काढावयाचे होते.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. 2006 च्या पर्यावरणीय मूल्यांकन अधिसूचनेत मूल्यांकनाचा सारांश इंग्रजीत आणि 'राज्याची अधिकृत भाषा/स्थानिक भाषा' यांत द्यावा असे म्हटले आहे. त्या दोन शब्दांमधल्या तिरक्या रेघेवर सीमाभागातील सारा मराठी समाज उभा आहे! 2020 साली नव्या अधिसूचनेचा मसुदा आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत द्यावा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले. त्यांत मराठी आहे आणि 1992 पासून कोकणीही आहे. शासनास तेही जड वाटले व ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

कळसा-भांडुरा योजनेची कथा याहून बोलकी आहे. 14 ऑगस्ट 2018 च्या निवाड्यात म्हादई लवादाने कळशातून 1.72 व भांडुऱ्यातून 2.18 टीएमसी पाणी मलप्रभेकडे वळविण्यास मान्यता दिली. पुढील वर्षी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने, ही पिण्याच्या पाण्याची योजना असल्याने मूल्यांकनाची गरज नाही, असे पत्र दिले. गोव्यातून ओरड होताच ते स्थगित केले. हुबळी-धारवाडची तहान खरी आहे; ती आम्ही नाकारीत नाही. पण मूल्यांकन टळले की जनसुनावणी टळते, आणि ज्याच्या बांधावरून कालवा जातो त्यास विचारण्याची औपचारिकताही उरत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, खेडुतास शास्त्र काय कळणार? कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, हे ज्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे त्यास शास्त्र कळत नाही, असे म्हणणाऱ्यास आम्ही शास्त्रज्ञ म्हणणार नाही. दुसरा, हा पर्यावरणाच्या आडून भाषेचा वाद आहे. तसे असते तर आम्ही केवळ मराठी मागितली असती. आम्ही मराठीबरोबर कानडी मागतो, आणि घाटाखालच्या सत्तरीसाठी कोकणीही मागतो.

वकिलीच्या धंद्यात आम्ही एक गोष्ट शिकलो. नोंद नसेल तेथे न्यायालयात माणसाची आठवण उभी राहते, आणि आठवणीची उलटतपासणी फार सोपी असते. म्हणून आमची मागणी लहान आहे. कणकुंबीत शाखा काढा. शाखा म्हणजे पाटी, उद्घाटन आणि हारतुरे नव्हेत. एक पर्जन्यमापक, झऱ्यांच्या व विहिरींच्या पातळीची एक वही, गावातलीच दोन शिकलेली मुले, आणि त्या वहीची प्रत ग्रामपंचायतीत, गावाच्या भाषेत. दहा वर्षे ती वही नेमाने भरली, तर कोणत्याही लवादापुढे ती दहा व्याख्यानांहून अधिक बोलेल.

शहरातील विद्वानांनी आजवर येथून वटवाघूळ नेले, देवगांडूळ नेले, आकडे नेले. त्यांनी आता वही घेऊन यावे, आणि जाताना ती येथेच ठेवून जावे.