अँड्रॉइड ओपन सोर्स आहे, मग तुमचा फोन ‘ओपन’ का नाही?

अँड्रॉइड ‘ओपन सोर्स’ आहे, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच. आता गोंदियाच्या बाजारातून घेतलेल्या तुमच्या फोनमधून यूट्यूब अनइन्स्टॉल करायचा प्रयत्न करा. बहुतेक फोनमध्ये फक्त ‘डिसेबल’ दिसेल. मग ओपन नेमकं काय आहे?

एक फोन, दोन थर

खालचा थर म्हणजे अँड्रॉइड ओपन सोर्स प्रोजेक्ट, म्हणजेच एओएसपी. त्यातला लिनक्स कर्नल जीपीएल लायसन्सखाली आहे. त्यात बदल करून फोन विकला, तर बदललेला कोडही द्यावा लागतो. बाकीचा बहुतेक कोड अपाची २.० लायसन्सखाली आहे. तो कोणीही घ्यावा, बदलावा, विकावा. स्वतःचे बदल उघड करायची सक्ती नाही.

वरचा थर गूगलचा: प्ले स्टोअर, प्ले सर्व्हिसेस, मॅप्स, जीमेल. हा बंद आहे. तो फोनमध्ये टाकायला कंपनीला गूगलशी करार करावा लागतो. मी अँड्रॉइड अ‍ॅप्स बनवतो. पुश नोटिफिकेशन, लोकेशन, नकाशा अशी बरीच कामं आम्ही प्ले सर्व्हिसेसवर सोडलेली असतात. तो थर काढला, की अनेक अ‍ॅप्स लंगडी होतात.

आपल्या जिल्ह्याच्या भाषेत सांगायचं तर धान सगळ्यांना फुकट आहे, पण चालती राइस मिल एकच. आणि मिलवाला दुकानदाराला म्हणतो, ‘माझा तांदूळ हवा असेल तर माझा सगळा माल ठेव, आणि दुसऱ्या पद्धतीने भरडलेला ठेवू नको.’

भारतात काय झालं?

भारतीय स्पर्धा आयोगाने नेमका यावरच बोट ठेवलं. २० ऑक्टोबर २०२२ ला गूगलला १३३७.७६ कोटींचा दंड झाला. प्ले स्टोअरसोबत बाकी अ‍ॅप्स लादू नका, अँड्रॉइडचे फोर्क बनवणाऱ्या कंपन्यांना अडवू नका, असे आदेश आले. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतापुरते नियम सैल केले. कंपन्यांना गूगलची अ‍ॅप्स सुटी घेता येतील, असं जाहीर झालं.

२९ मार्च २०२३ ला अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण चार निर्देश रद्द केले. आधीच टाकलेली अ‍ॅप्स काढू द्या, आणि दुसरी अ‍ॅप स्टोअर्स प्ले स्टोअरवर येऊ द्या, हे दोन त्यातलेच.

याचा फटका कोणाला? इंडस ओएस बघा. मुंबईत आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी अँड्रॉइडवर ही भारतीय भाषांची सिस्टीम उभी केली, आणि २०१५ मध्ये ती मायक्रोमॅक्सच्या फोनवर मराठीसकट आली. कोड खुला होता म्हणूनच हे जमलं. पुढे सिस्टीम मागे पडली, अ‍ॅप स्टोअर तेवढं उरलं. ते फोनपेने घेतलं आणि २०२४ मध्ये ‘इंडस अ‍ॅपस्टोअर’ म्हणून आणलं. फोनमध्ये आधीपासून नसेल तर ते वेबसाइटवरून घ्यावं लागतं, आणि मध्ये ‘अननोन सोर्स’चा इशारा येतो.

आता पुढे

२०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं, की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर फक्त ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच अ‍ॅप्स चालतील, मग ती प्ले स्टोअरबाहेरची का असेनात. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये सुरुवात, नंतर बाकी जग. टीका झाल्यावर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असंही गूगल म्हणालं.

गूगलचं कारण खोटं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आरटीओ चलानच्या नावाने येणाऱ्या एपीकेने लोकांची खाती रिकामी होतात. पण तिरोड्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने धान खरेदीची माहिती देणारं अ‍ॅप बनवून गावात वाटायचं ठरवलं, तर त्यालाही आधी गूगलकडे नोंद करावी लागेल. अपाची लायसन्समधलं एक अक्षरही बदललं नाही, तरी दार अरुंद झालं. कारण कुलूप वरच्या थराला आहे.

म्हणून यापुढे ‘ओपन सोर्स’ ऐकलं की एक प्रश्न विचारा: कोड खुला आहे हे ठीक, पण त्यावर काय चालेल हे कोण ठरवतं? अनोळखी एपीके टाकू नकाच. पण ती टाकायची की नाही, हा निर्णय फोनच्या मालकाकडे राहायला हवा, असं मला वाटतं.