ठिपका भांडुपला, मुलगी घरी

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. संध्याकाळचे सव्वासात झाले होते. घाटकोपरहून धीमी लोकल पकडून मी मुलुंडला निघालो होतो. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात मोबाइल आणि मोबाइलच्या पडद्यावर एक निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे माझी आठवीतली मुलगी. तिचा क्लास मुलुंड पश्चिमेला, सातला सुटतो. म्हणजे एव्हाना ठिपक्यानं पूर्वेला, घराकडे यायला हवं होतं. तो निघाला होता भांडुपच्या दिशेनं.

फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. मुंबईतल्या बापाच्या मनात अशा वेळी काय काय येतं ते लिहीत नाही. भांडुपला उतरलो, पूल ओलांडून धावत बाहेर आलो. ठिपका एका गल्लीत जाऊन थांबला होता. तेवढ्यात बायकोचा फोन. "अरे, आहेस कुठं? येताना कोथिंबीर आण."

"ही कुठाय?" मी जवळजवळ ओरडलोच.

"कधीच आली. पोहे खातेय."

फोन भांडुपच्या मैत्रिणीच्या सॅकमध्ये राहिला होता. क्लासमुळे तो सायलेंटवर. नकाशावरचा ठिपका फोनचा असतो, मुलीचा नसतो, ही साधी गोष्ट मला भांडुप स्टेशनाबाहेर घामाघूम होऊन कळली. कोथिंबीर राहिलीच. घरी पोचल्यावर मुलीनं विचारलं, "बाबा, तू भांडुपला का उतरलास?" खरं सांगावं लागलं. ती रडली नाही, चिडलीही नाही. एवढंच म्हणाली, "कधीपासून?"

चार महिने झाले होते. तिला न सांगता.

मुलांवर लक्ष ठेवणारी ही फुकट ॲप आता घरोघरी आहेत. गूगलचं फॅमिली लिंक २०१७ साली आलं, ॲपलनं २०१८ मध्ये आपल्या फोनमध्येच स्क्रीन टाइमची सोय दिली. शिवाय इतर कंपन्यांची आहेतच. यांना काय जमतं? कुठल्या ॲपवर किती मिनिटं गेली ते सांगता येतं, रात्री दहाला फोनला कुलूप घालता येतं, नवं ॲप घ्यायचं तर आईबापांची परवानगी मागता येते, फोन कुठं आहे ते दाखवता येतं. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी एवढं पुष्कळ झालं, आणि त्या वयाला ते जरूर वापरावं असं माझं मत आहे. पण तेराव्या वर्षी मुलाच्या आयुष्यात जे घडतं ते मिनिटांत मोजता येत नाही. व्हॉट्सॲपच्या संदेशांना २०१६ पासून अशी कुलपं आहेत, की बोलणाऱ्यांखेरीज मधल्या कुणाला ते वाचता येऊ नयेत. फोनवर आलेल्या सूचना वाचून ते कुलूप चुकवण्याचा दावा काही ॲप करतात, पण तिथं पोचलं की "ही सोय प्रीमियममध्ये" अशी पाटी लागते.

आणि मुलं काय, ती आपल्या पुढं असतात. माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलाचा फोन रोज बरोबर एक तासानं बंद व्हायचा, आणि त्यानंतर त्याला आजोबांबद्दल एकाएकी माया वाटू लागायची. आजोबांच्या फोनवर कसलंच ॲप नव्हतं.

आपण हे सगळं का करतो? भीतीपोटी. २०१७ च्या जुलैअखेरीस अंधेरी पूर्वेला एका शाळकरी मुलानं आत्महत्या केली आणि दोन दिवसांत "ब्लू व्हेल" हा शब्द प्रत्येक शाळेच्या फाटकाशी पोचला. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं इंटरनेट कंपन्यांना त्या खेळाचे दुवे काढायला सांगितलं. पुढे २०१८ च्या जानेवारीत सरकारनंच लोकसभेत सांगितलं, की तपासलेल्या प्रकरणांत या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही. हे दुसरं वाक्य मात्र शाळेच्या फाटकाशी पोचलं नाही. त्या मुलाच्या मनात काय होतं, हा प्रश्न मागं पडला आणि फोनमध्ये काय होतं, एवढाच उरला.

माझ्या घरातही तेच झालं. ज्या चार महिन्यांत मी ठिपका पाहत होतो, त्यांतल्याच तीन आठवडे मुलीच्या वर्गातल्या ग्रुपवर तिच्या फोटोचं स्टिकर फिरत होतं. दात पुढे आलेला, जेवतानाचा फोटो. कुणी काही बोललं की उत्तर म्हणून तिचा तो चेहरा. मला रोज अहवाल येत होता: व्हॉट्सॲप, ३८ मिनिटं, व्हॉट्सॲप, ४१ मिनिटं. मर्यादेच्या आत. मी समाधानी होतो. तिनं ते सांगितलं बोरिवलीच्या मावशीला, एका रविवारी, मेथी निवडता निवडता. मावशीच्या फोनवर ॲप तर नाहीच, तिला धड व्हॉट्सॲपही चालवता येत नाही.

फुकट म्हणजे काय, तेही एकदा पाहायला हवं. लाइफ३६० हे अमेरिकेतलं कुटुंबांसाठीचं ॲप; ते ग्राहकांची ठावठिकाण्याची माहिती विकतं, असं २०२१ च्या डिसेंबरात द मार्कअप या नियतकालिकानं उघड केलं. त्यानंतर कंपनीनं असा अचूक ठावठिकाणा विकणं बंद करू, असं जाहीर केलं. त्याआधी २०१८ मध्ये टीनसेफ या ॲपचे सर्व्हर उघडे पडलेले सापडले. त्यांत हजारो नोंदी होत्या आणि मुलांचे पासवर्ड जसेच्या तसे. मुलाच्या रक्षणासाठी नेमलेला गुरखाच किल्ल्या पायरीवर टाकून गेला होता. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असं हा कायदा म्हणतो. चांगलंच आहे. पण संमती देणार कोण? आपणच. मी ते ॲप घेताना किती पानं न वाचता पुढं सरकवली, ते माझं मला माहीत.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ साली तिथल्या लोकांनी ठरवलं, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांचा आणि मोठ्यांचाही. मला त्यातलं "मोठ्यांचाही" फार आवडलं. आमच्या उपनगरात ते जमणं कठीण. सातला आम्ही लोकलच्या दारात लटकलेले असतो, आणि घरी येतो तेव्हा आमच्याच हातात फोन असतो.

त्या डिसेंबरच्या रात्री मी ॲप काढून टाकतो म्हणालो. मुलगी विचार करून म्हणाली, ठिपका राहू दे, बाकीचं काढ. पण तुझाही ठिपका मला दिसला पाहिजे. तसं केलं. स्टिकरचं प्रकरण शाळेत जाऊन बाईंशी बोलून मिटवलं, म्हणजे बरंचसं मिटलं.

यंदाच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तिचा फोन आला. "बाबा, तू तासभर घाटकोपरलाच का आहेस? हलतच नाहीयेस."

"कुर्ल्याला पाणी भरलंय गं. गाड्या बंद आहेत."

"मग वडापाव खा आणि तिथंच थांब," ती म्हणाली. "रुळांवरून चालत येऊ नकोस. मी बघतेय."