शाळेचा पट आणि आपण

आमच्याकडे धुण्याभांड्याला येते तिची मुलगी नगरपालिकेच्या शाळेत तिसरीत आहे. तिला शाळा व्यवस्थापन समितीत घेतलंय, म्हणून परवा तिच्याबरोबर गेले. शाळा घरापासून चार मिनिटांवर. मी तिथेच शिकले, पण आत पाऊल टाकलं ते तीसेक वर्षांनी!

तेव्हा माझ्या बाकावर डॉक्टरांची मुलगी होती, सफाई कामगाराचीही. आता वर्गात नजर फिरवली, तर सगळी गवंड्यांची, वीटभट्टीवरच्यांची, घरकाम करणाऱ्यांची मुलं. कुणी घरी हिंदी बोलतं, कुणी बंजारा. आपल्या गल्लीतलं एकही नाही. आपली मुलं सकाळी पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात. माझीही तशीच गेली, त्यामुळे मी कुणाला नावं ठेवणार?

‘तिथे शिकवत नाहीत हो,’ असं आपण सर्रास म्हणतो. पण एकाच खोलीत पहिली-दुसरी एकत्र बसवून शिक्षिका दोन फळ्यांवर शिकवत होत्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक शाळेला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, ६१ झाली की तीन. म्हणजे काठावरच्या शाळेतून दोन-चार मुलं काढली, की एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि उरलेल्यांचा वर्ग जातो. इथे तेच झालंय. आपण आपल्या मुलापुरतं बघतो; चूक म्हणवत नाही, पण त्याची किंमत दुसऱ्याचं मूल भरतं.

त्याच कायद्याने अनुदानित आणि सरकारी शाळांच्या समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. कागदावर आहेतच. पण बैठक अकराला, ऐन कामाच्या वेळी. खाडा पडतो, म्हणून सही करून निघायचं.

‘वहिनी, मी काय बोलू? मला काय कळतंय?’

‘मुलींच्या संडासाला कडी नाही, हे कळतं ना?’

‘ते तर कळतंच की! पोरगी शाळेत पाणीच पीत नाही त्यापायी.’

‘मग तेच बोलायचं.’

पुढच्या बैठकीत ती कडीचा विषय काढणार आहे. त्या दिवशी भांडी मी घासेन, खाडा धरणार नाही. ती आणखी दोन घरी काम करते. तिथेही मी शब्द टाकलाय. एकीने लगेच हो म्हटलं. दुसरी म्हणाली, ‘बघू गं, त्या दिवशी माझ्याकडे पाहुणे आहेत.’