रोजची एक गोळी आणि मूत्रपिंडे



भोर तालुक्यातील आंबवडे येथे आमच्या नात्यातील एक काका किराणा दुकान चालवितात. वय सत्तरीच्या घरात. मधुमेह जुना, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविलेला आणि क्रिएटिनिन तीन वर्षांपासून वाढलेले. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी अनशापोटी आम्लपित्ताची एक गोळी, हा त्यांचा सात वर्षांचा नेम. गेल्या पर्युषणानंतर कोणीतरी मोबाइलवर संदेश धाडला, ‘या गोळीने मूत्रपिंडे निकामी होतात.’ काकांनी त्याच दिवशी गोळी सोडली. चौथ्या दिवशी छातीत अशी जळजळ उठली की रात्र बसून काढावी लागली. मग ते पाण्यात सोडा घालून पिऊ लागले आणि आठवड्याभरात पायांवर सूज आली. “संदेश खरा की खोटा?” असे त्यांनी मला विचारले.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल ही औषधे जठरातील आम्ल निर्माण करणारी यंत्रणाच रोखतात. क्वचित काही रुग्णांत त्यांमुळे मूत्रपिंडाच्या ऊतींना ॲलर्जीसारखी सूज येते. वेळीच ओळखली नाही तर कायमची हानी होऊ शकते. भारताच्या औषध महानियंत्रकांनी या औषधांच्या माहितीपत्रकात मूत्रपिंडाच्या तीव्र इजेचा उल्लेख करण्याचे निर्देश दिले, ते याच जातीच्या धोक्यामुळे.

दीर्घकालीन आजाराचे चित्र मात्र इतके स्पष्ट नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही औषधे घेणाऱ्यांत मूत्रपिंडविकार अधिक आढळला. परंतु असे लोक मुळातच अधिक आजारी असतात, म्हणून दोष गोळीचाच, असे त्यावरून सिद्ध होत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साडेसतरा हजारांहून अधिक हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना पँटोप्राझोल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी सुमारे तीन वर्षे दिली गेली. दोन्ही गटांत मूत्रपिंडविकाराच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. तात्पर्य, संदेशात सत्याचा अंश होता, पण निष्कर्ष अतिरंजित होता.

खरी चूक निराळीच आहे. अशी गोळी बहुधा चार ते आठ आठवड्यांसाठी लिहिलेली असते. आपण मात्र जुनी चिठ्ठी दाखवून ती वर्षानुवर्षे आणत राहतो. दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील मॅग्नेशियम व बी-१२ जीवनसत्त्व घटू शकते. आपल्या शाकाहारात बी-१२ मुख्यतः दुधातूनच मिळते, म्हणून आपण अधिक सावध असावे. ती अकस्मात बंद केल्यास आम्ल काही काळ पूर्वीपेक्षाही उसळते. काकांना झाले ते हेच. सोड्यातील सोडियम मूत्रपिंडांच्या रुग्णास सोसत नाही. मॅग्नेशियम वा ॲल्युमिनियम असलेली आम्लनाशके दुबळ्या मूत्रपिंडांतून बाहेर न पडता शरीरात साचतात. फॅमोटिडीनचीही मात्रा कमी करावी लागते. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या तर जठर आणि मूत्रपिंडे या दोहोंच्या वैरी.

काकांच्या डॉक्टरांनी सोडा बंद करविला, सूज उतरली. स्टेंटमुळे ॲस्पिरिन चालू असल्याने जठरातील रक्तस्राव टाळण्यासाठी गोळी आवश्यक आहे, असे सांगून त्यांनी ती अल्प मात्रेत पुन्हा सुरू केली. बी-१२ कमी निघाले, त्याचे उपचार चालू आहेत. ज्यांना असे कारण नाही, त्यांची गोळी डॉक्टर हळूहळू कमी करून थांबवू शकतात. निर्णय मात्र त्यांचाच असावा.

आपल्या आचारातही या व्याधीवर उपाय आहेत. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपल्यास निजेपर्यंत अन्न जठरातून बरेच पुढे सरकते. ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी, हे बाह्य तपांपैकी एक. भरगच्च पोट हेच आम्ल वर येण्याचे मोठे कारण होय. परंतु मूत्रपिंडविकार असलेल्यांनी निर्जळी उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. तप यथाशक्तीच सांगितले आहे.

दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी आपण प्रत्येक खाते तपासतो. यंदा त्यासोबत घरातील वडीलधाऱ्यांच्या औषधांचा डबाही डॉक्टरांपुढे उघडावा आणि प्रत्येक गोळीविषयी विचारावे: ही कशासाठी, आणि कधीपर्यंत?