तीन चौरस फूट तेवढे द्या

प्रति,
अध्यक्ष, वास्तुकला परिषद, नवी दिल्ली



ओला, सुका आणि घातक कचरा तीन डब्यांत वेगळा ठेवा. जाळू नका, पुरू नका. २०१६ च्या घनकचरा नियमांनी हेच सांगितलं. हे डबे घरात ठेवायचे कुठे, ते आता तुमच्या वास्तुविशारदांनी सांगावं.

आमच्या घराचा नकाशा काढणाऱ्याने गाडी, देवघर, टीव्हीची भिंत, सगळं विचारलं. कचऱ्यासाठी कोनाडा द्या, असं मी दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा उत्तर एकच, ‘ते नंतर बघून घ्या.’ नंतर जागाच उरली नाही.

राष्ट्रीय इमारत संहितेत स्वयंपाकघराला किमान ५ चौरस मीटर, न्हाणीघराला १.८, संडासाला १.१ असं माप आहे. खोल्यांच्या त्या यादीत सुक्या कचऱ्याला वीतभरही जागा नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी आराखड्यात वेगळी जागा मागितली, पण २०० हून अधिक घरांच्या किंवा ५,००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरच्या संकुलांसाठी. आमच्या सौंदड गावातल्या घराला त्याचा काय उपयोग? प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट. दोन डबे आणि एका पोत्याला भिंतीलगत तीन फूट लांब, एक फूट रुंद जागा पुरते. २६९ मधले ३ चौरस फूट!

जागा नाही असं नाही. कचरा हा रचनेचा विषय नाही, घरातल्या बाईनं निस्तरायची गोष्ट आहे, अशी तुमच्या मंडळींची समजूत आहे. आमच्या आज्यांची घरं अशिक्षित गवंड्यांनी बांधली, तरी परसात उकिरड्याची जागा आधी ठरायची.

गावातले बहुतेक नकाशे तुमच्याकडे नोंदलेले वास्तुविशारद काढत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण काढणारे तुमचीच घरं बघून काढतात. १९७२ च्या कायद्याने वास्तुशिक्षणाचे किमान निकष ठरवायचा अधिकार तुम्हाला दिला आहे. कचऱ्याची जागा न दाखवणारा घराचा एकही आराखडा महाविद्यालयात उत्तीर्ण होऊ देऊ नका.

आमच्या गल्लीत भंगारवाला महिन्यातून एखाद्या वेळी येतो. तोवर पुठ्ठा आणि पिशव्या ओसरीत पडून राहतात. या पावसात सगळं भिजलं, त्यानं ते घेतलं नाही. शेवटी मी ते जाळलं. नियम मोडला, हे मला कळतं.

एक गृहिणी,
सौंदड, ता. सडक अर्जुनी, जि. गोंदिया