एकरी किती निघाला ते सांगू नका, चाकणला काय झालं ते सांगा



मे महिन्यात याच पानावर मी एक फोटो टाकला होता. खालच्या रानातला कांदा, कमरेएवढा ढीग, शेजारी मी हात कमरेवर ठेवून. खाली लिहिलं होतं, "एकरी २२० पिशव्या." तुम्ही लोकांनी भरभरून कौतुक केलं, बऱ्याच जणांनी खताचं वेळापत्रक मागितलं आणि मी ते मोठ्या ऐटीत दिलंही. ज्यांनी ते वहीत उतरवून घेतलंय त्यांनी ते फाडून टाका, आणि का ते वाचा.

सप्टेंबरात बराख फोडली आणि शनिवारी पहाटे चाकण गाठलं. सोबत भाचा होता. बी.एस्सी. ॲग्री झालाय, एका खताच्या कंपनीत नोकरीला आहे. पोरगा हुशार, कष्टाळू. खालच्या रानाचं वेळापत्रक त्याचंच. पाच वर्षं कांद्यावर सल्ला देतोय, पण कांद्याचा लिलाव त्याने आजवर उभ्याने बघितलेला नव्हता. म्हणलं चल, एक दिवस सुट्टी काढ.

ज्यांनी चाकण बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुण्यापासून तीसेक किलोमीटर. पुणे-नाशिक हायवे आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता जिथे एकमेकांना कापतात तिथे हे गाव बसलंय. आम्ही पूर्व पट्ट्यातले लोक शिक्रापूर रस्त्याने येतो. शेलपिंपळगाव सोडलं की पुढे कंटेनर सुरू होतात. नव्या गाड्या पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर, कंपन्यांच्या बस, गणवेश घातलेली पोरं पहिल्या पाळीला निघालेली, आणि त्या सगळ्यात मध्येच आपला कांद्याचा टेम्पो. तळेगाव चौकात एकदा अडकलात की घड्याळ बघू नये. एके काळी याच गावाचा किल्ला फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानापुढे दोन महिने लढवला. आता चौक लढवावा लागतो.

आजूबाजूची रानं कंपन्यांखाली गेली, राहिलेल्या रानांत भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. पण शनिवारी सकाळी महात्मा फुले मार्केट यार्डात शिरलं की हे गाव अजून शेतमालाच्या बाजारानेच ओळखलं जातं हे पटतं. कांदा, बटाटा, लसूण, पलीकडे पालेभाज्या, आणि जनावरांचा बाजार. शहर कितीही जवळ आलं तरी त्याला जेवायला लागतंच.

गाडी खाली व्हायला वेळ होता म्हणून भाच्याला आधी जनावरांच्या बाजारात नेलं. एक म्हातारा खिल्लार बैलाचं तोंड उघडून दात बघत होता. मग खूर बघितले, शेपटी पिळली, मालकाला म्हणाला, चालवून दाखव. शेवटी पाठीवर हात फिरवून गप्प उभा राहिला. भाचा हसत होता.

"मामा, वजन नाही विचारलं त्याने."

"नाही विचारणार. वजनाने बैल औताला चालत नाही."

तेव्हा मला वाटलं नव्हतं की तासाभरात हेच माझ्या कांद्यावर शेकणार आहे.

माझ्या दोन वकला होत्या. एक वरच्या रानाची, हलकी मुरमाड जमीन. तिथे आमच्या आईच्या सांगण्याप्रमाणे कांदा केला होता, म्हणजे भाच्याच्या भाषेत मागास पद्धतीने. शेणखत, लागवडीला खत, महिन्याने आणि दीड महिन्याने थोडा युरिया, मग नत्र बंद. काढणीआधी पंधरा दिवस पाणी तोडलं. माना पडल्या तेव्हा काढला, पातीने झाकून रानातच चार दिवस वाळवला, मग मान थोडी ठेवून कापला आणि सावलीत पसरला. एकरी १७० पिशव्या. या रानाचा फोटो मी टाकलाच नव्हता, लाज वाटली.

दुसरी खालच्या रानाची. गाळाची जमीन, पाणी मुबलक. बहात्तराव्या दिवशी एक गोणी युरिया, वर ठिबकमधून विद्राव्य खतं, फुगवणीसाठी बाटलीतलं काहीतरी, आणि काढणीच्या आठ दिवस आधीपर्यंत पाणी. कांदा नारळासारखा फुगला. पात मात्र हिरवीगार उभी. मजुरांची टोळी ठरलेली, त्यात अवकाळीचे ढग. माना पडायची वाट न बघता उपटला, कापला आणि तिसऱ्या दिवशी बराखीत टाकला.

लिलावाला खरेदीदार आले. वरच्या रानाची पिशवी फोडून ओतली. एकाने दोन कांदे उचलले, बोटांनी पत्ती चोळली, कांद्यावर कांदा आपटून आवाज ऐकला. "पत्ती आहे. रंग आहे." बोली वर चढली, गोळ्याला क्विंटलला १,४५० रुपये. मग खालच्या रानाची पिशवी ओतली. त्याच माणसाने कांदा उचलला, अंगठा मानेवर ठेवून दाबला. मान दबली. त्याने कांदा ढिगावर टाकला आणि मला विचारलं, "युरिया उशिरा मारला का, दादा?"

भाचा माझ्याकडे बघायला तयार नाही.

ज्या माणसाने माझं रान कधी बघितलं नाही, माती परीक्षण बघितलं नाही, त्याने अंगठ्याने माझं खताचं वेळापत्रक वाचून दाखवलं. भाव १,०००. त्यातही जोड कांदे, काजळी धरलेले आणि मानेतून सडायला लागलेले बाजूला काढले, तो बदला ३०० ला.

आता हिशेब. त्या शनिवारी आणि पुढच्या दोन बाजारांत मिळून सगळा माल गेला. वरच्या रानाच्या १७० पिशव्यांपैकी १४२ विकल्या, ९०,५०० रुपये झाले. खालच्या रानाच्या २२० पैकी बराखीतून विकण्यासारख्या निघाल्या १२१, बाकीच्या खड्ड्यात. त्यांचे झाले ४६,८५०. बारदान, निवडणी-भरणी, गाडीभाडं, हमाली, तोलाई धरून मला पिशवीमागे ९० रुपये खर्च आला. हा खर्च पिशवीत गोळा आहे की बदला हे विचारत नाही. बदल्याची पिशवी १५० ला गेली, हातात राहिले ६०. सगळं वजा जाता दोन एकरांत जवळजवळ ४२ हजारांचा फरक, आणि तो ज्या रानाचा फोटो टाकला होता त्याच्या विरुद्ध. खालच्या रानाला जास्तीची खतं आणि बाटल्या लागल्या त्याचे पैसे यात धरलेलेच नाहीत.

काय झालं ते कृषी शिकलेल्यांना मी सांगायला नको. कांदा पोसायच्या वेळी नत्र मिळालं की झाडाला वाटतं अजून वाढायचंय. पात जोर धरते, मान जाड होते, मिटत नाही. न मिटलेली मान म्हणजे झाकण नसलेली बरणी, ओलावाही तिथूनच जातो आणि बुरशीही तिथूनच शिरते. हे गुपित नाही. चाकणपासून पंधराएक किलोमीटरवर राजगुरुनगरला कांदा-लसणाचं केंद्र सरकारचं संशोधन संचालनालय आहे. नत्राचे हप्ते लागवडीपासून पंचेचाळीस दिवसांच्या आत संपवा, काढणीआधी पाणी तोडा, निम्म्या माना पडल्यावर काढा, नीट वाळवून मगच साठवा, हे त्यांच्या शिफारशीत वर्षानुवर्षं आहे. आमची आईही तेच सांगत होती, फक्त तिच्या सांगण्यावर शिक्का नव्हता. म्हणजे शास्त्र चुकलेलं नाही. शास्त्र आणि माझं रान यांच्यामध्ये जी साखळी आहे, दुकान, प्रतिनिधी, व्हिडिओवाले, आणि हो, माझ्यासारखे फोटोवाले, तिने ते बदलून टाकलं. कारण या साखळीतल्या सगळ्यांचं काम काढणीच्या दिवशी संपतं. शेतकऱ्याचं काम त्या दिवशी अर्धं झालेलं असतं.

येताना चौकात तास गेला, तेव्हा भाचा बोलला. "मामा, आमच्या रिपोर्टात एकरी उत्पादनाचा रकाना आहे. बराखीत किती टिकला, भाव काय मिळाला, असा रकानाच नाही." मी चिडलो होतो, पण खरं बोलला पोरगा. जो रकाना नाही त्याची काळजी कोण करणार? त्याचा पगार जास्त गोण्या खपण्यावर, माझी शेखी जास्त पिशव्यांवर. आम्ही दोघं एकाच माळेचे.

माझं भांडण या रकान्याशी आहे. पीक स्पर्धा बघा, बक्षीस उत्पादनाला. प्लॉटवरचे बोर्ड बघा, आकडा टनांचा. कृषी महाविद्यालयाची मुलं कृषीदूत म्हणून गावात येतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, मातीचा नमुना कसा घ्यायचा ते शिकवतात, बॅनरपुढे फोटो होतो. चांगली मुलं असतात, मी त्यांना चहा पाजतो. पण एवढ्या दिवसांत एक शनिवार त्यांना कुणी यार्डात आणून उभं करत नाही. ज्याने आपण शिफारस केलेल्या पिकाचा लिलाव बघितला नाही, त्याच्या सल्ल्याचे पैसे घ्यायचे का, हे मी आता विचारणार. डॉक्टर औषध लिहून देतो तर रोगी जगला का हे निदान विचारतो तरी.

आता कॉमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. "दादा, मान बारीक ठेवून काय होणार, भाव सरकार पाडतं." बरोबर आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद केली, ती मे २०२४ ला उघडली तीही शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. त्या काळात कितीही गुणाचा कांदा असला तरी मार खाल्ला, मीही खाल्ला, आणि त्यासाठी रस्त्यावर बसायची वेळ आली तर मी पुढे असेन. पण मंडळी, भाव पडलेल्या दिवशीसुद्धा गोळा आणि बदला एका भावाने गेलेत असं तुम्ही बघितलंय का? उलट पडत्या बाजारात बदल्याला कुणी हातच लावत नाही. आणि जो कांदा जुलैत सडायला लागतो त्याच्या मालकाला भाव चढायची वाट बघताच येत नाही. मिळेल त्या भावाला तो काढावा लागतो. दिल्लीने पाडला तेवढा पाडला, बाकीचा मी माझ्या ठिबकातून पाडला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एकीच्या आड दुसरी लपवायची सवय आपल्याला लागलीय, कारण दिल्लीला शिव्या देणं सोपं, स्वतःची वही उघडणं अवघड.

कुणी म्हणेल, तुझी काढणीची घाई झाली, वाळवणी चुकली, खताला कशाला दोष देतोस. मान्य, घाई माझीच. पण पात हिरवी का राहिली होती? टोळीच्या तारखेला वरच्या रानाच्या माना पडल्या होत्या, खालच्या उभ्या होत्या. लागवड दोन्हींची एकाच आठवड्यातली.

ज्याला काढून लगेच विकायचाय, त्याचं गणित थोडं वेगळं पडेल हेही कबूल करतो. ओला, फुगलेला कांदा एप्रिलच्या काट्यावर वजन देतो. पण एप्रिलमध्ये सगळा जिल्हाच यार्डात असतो, आणि आपल्यातले बहुतेक जण तर बराख भरण्यासाठीच गावरान कांदा करतात.

तेव्हा या पानावर आजपासून एक बदल. माझ्या कुठल्याही पिकाचा एकरी आकडा मी काढणीच्या दिवशी टाकणार नाही. हिशेबपट्टी हातात आल्यावर टाकीन, पट्टीच्या फोटोसकट. पट्टी नीट वाचायची सवय तुम्हीही लावा. २०१६ पासून कांद्याची अडत आपल्याकडून कापायची नाही, ती खरेदीदाराकडची. हमाली, तोलाई वेगळी दिसली पाहिजे. आणि कॉमेंटमध्ये "एकरी किती" विचारणाऱ्याला मी उलट विचारणार, कुठल्या महिन्यात, किती भावाने, आणि किती खड्ड्यात.

भाच्याने परवा फोन केला. त्याने साहेबांना त्याच्या डेमो प्लॉटवाल्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या जमा करू का विचारलं. साहेब म्हणाले, आपलं ते काम नाही. तरी तो स्वतःच्या वहीत जमा करतोय, आतापर्यंत अकरा झाल्या. पुढच्या हंगामात वरच्या आणि खालच्या, दोन्ही रानांत नत्र पंचेचाळीस दिवसांनी बंद, खालच्या रानाचं पाणी तीन आठवडे आधी तोडायचं असं दोघांनी ठरवलंय. आईला सांगितलं तर ती म्हणाली, मग आता तुम्ही दोघं नवीन काय करणार?

येत्या शनिवारी शेजाऱ्याचा कांदा घेऊन पुन्हा जातोय. टेम्पोच्या केबिनमध्ये दोन जागा आहेत. कृषी सहायक असोत, दुकानदार असोत, कॉलेजची मुलं असोत, ज्याला यायचंय त्याने शुक्रवारपर्यंत मेसेज करा. पहाटे चारला निघतो, नंतर चौक सापडत नाही.