जुनी मोटारसायकल आणि चोवीस हप्ते

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा आयटीआय करून लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागला, त्याला आता वर्ष होत आलं. घर चिपळूणजवळच्या वाडीत. पहिल्या पाळीला एसटी मिळते. दुसऱ्या पाळीतून रात्री सुटला की काहीच मिळत नाही. कधी सोबत्याच्या मागे बसून, कधी ट्रकवाल्याला हात करून तो परशुराम घाट उतरायचा, आणि तो दारात येईपर्यंत त्याची अम्मी जागी. तेव्हा गाडी हा पोराचा हट्ट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

एका रविवारी तो आमच्याकडे आला. सलाम केला, पाणीही न पिता खिशातून कागद काढला. "मामू, गाडी बघितली. साडेतीन हजारसुद्धा हप्ता नाही. फक्त तुमची सही पाहिजे, जामीन म्हणून."

आम्ही विचारलं, "गाडीची किंमत किती?"

पोरगा अडखळला. हप्ता त्याला रुपयापर्यंत पाठ होता, ३,४६७. सुरुवातीला किती भरायचे तेही ठाऊक होतं, २०,०००. किंमत मात्र आठवून सांगावी लागली. "पंच्याऐंशी हजार असेल." त्या एका "असेल"ने आम्ही सावध झालो. जुन्या गाड्यांच्या बऱ्याच दुकानांत आता गाडी विकत नाहीत, हप्ता विकतात. गिऱ्हाईक हप्त्यावर राजी झालं की किंमत कुणी विचारत नाही, आणि जी विचारली जात नाही ती वाढवायला सोपी.

घरात लग्नाच्या आमंत्रणाचं पाकीट पडलं होतं. त्याच्या मागे हिशोब मांडला. ८५,००० मधून २०,००० रोख गेले, उरले ६५,००० कर्ज. व्याज १४ टक्के, दोन वर्षं. ६५,००० वर वर्षाला ९,१००, दोन वर्षांचे १८,२००. परतफेड ८३,२००. वर फाईलचे अडीच हजार, नाव बदलण्याचे तीन हजार, विम्याचे दीड हजार. रोख भरायचे वीस हजार धरून बेरीज झाली १,१०,२००. सहा वर्षं वापरलेली १२५ सीसी गाडी! बहिणीने बेरीज दोनदा तपासली.

या १४ टक्क्यांत एक मेख आहे. दुकानात याला 'फ्लॅट' म्हणतात. दर महिन्याच्या हप्त्यात मुद्दलही फिटत असते, वर्षभराने निम्म्याच्या आसपास कर्ज उतरलेलं असतं, पण व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ६५,००० वरच धरलेलं. शिल्लक रकमेवर मोजलं तर हाच दर २५ टक्क्यांच्या आसपास जातो. खरोखर शिल्लक रकमेवर १४ टक्के असते तर व्याज दहा हजारांच्या आत बसलं असतं. म्हणून "दर किती" एवढं विचारून भागत नाही, "फ्लॅट की शिल्लक रकमेवर" हे विचारायला हवं.

भाच्याने दुकानातल्या फायनान्सवाल्याला सांगून पाहिलं होतं की आमच्या घरात व्याजाचं चालत नाही. त्यावर तो हसून म्हणाला, "अरे, हे व्याज नाही, फायनान्स चार्ज आहे." आम्हालाही हसू आलं. नाव बदलल्याने १८,२०० चे १८,१९९ सुद्धा होत नाहीत.

आता सहीचं. जामीनदार म्हणजे साक्षीदार, अशी आपल्याकडे फार जुनी समजूत आहे. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आम्ही हे पुस्तकात वाचून शिकलो नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या मोटारसायकलसाठी सही केली होती. भला माणूस, पण नोकरी गेली, हप्ते थकले. वसुलीवाले गाडी उचलून घेऊन गेले. आम्हाला वाटलं, सुटलो. चार महिन्यांनी आमच्या नावाने पत्र आलं. गाडी लिलावात गेली होती, आलेली रक्कम कर्जाला पुरली नव्हती, उरलेले पैसे दंडासह आम्ही भरायचे होते. ते भरले. सहकाऱ्याशी बोलणं तुटलं ते तुटलंच. पैशापेक्षा ते जास्त लागलं.

हे सगळं बहिणीसमोर बोललो तर ती म्हणाली, "म्हणजे तू सही देणार नाहीस." आम्ही म्हटलं, "आधी कागद बघू, गाडी बघू, मग बोलू." ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी जेवायला थांबली नाही.

कागदाबाबत एक चांगली गोष्ट झालेली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा कर्जाला 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' नावाचा कागद द्यावाच लागतो. सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा दर त्यावर लिहिलेला असतो, आणि तो कर्जदाराला कळेल अशा भाषेत असला पाहिजे. त्यात नसलेला चार्ज नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. भाच्याने फोन करून तो मागितला. उत्तर आलं, "सही झाली की मोबाईलवर येईल." म्हणजे जेवून झाल्यावर भाव सांगणार!

पुढच्या रविवारी ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन आम्ही दुकानात गेलो. गाडी धुऊन-पुसून चकचकीत उभी होती. मीटरवर ४१,००० किलोमीटर. मेकॅनिकने मीटरकडे पाहिलंच नाही. ब्रेकचं पेडल आणि पाय ठेवायचे रबर पाहिले, दोन्ही गुळगुळीत झिजलेले. "मीटर फिरवता येतं, रबर फिरवता येत नाही," एवढंच म्हणाला. मग बाजूचं कव्हर काढून बॅटरीमागे बोट घातलं, ते मातीने भरून बाहेर आलं. लाल माती कोकणात कुठे नसते? पण मीटरच्या काचेच्या आत आडवी, पाणी साचून सुकल्याची रेघही होती. गाडी २०१९ ची, एमएच-०८ ची, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यात किती गाड्या बुडाल्या ते इथल्या माणसाला सांगायला नको. ही त्यातलीच, असं छातीठोकपणे नाही म्हणणार. पण इथे जुनी गाडी घेताना काचेच्या आत बघायची सवय ठेवा.

आरसी पाहिली तर पहिल्या मालकाच्या फायनान्स कंपनीचं नाव तिच्यावर तसंच. दुकानदार म्हणाला, "एनओसी येतेय आठ दिवसांत." जुन्या कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत जाऊन तो बोजा उतरला पाहिजे, तोवर आपण पैसे मोजायचे आणि गाडीवर हक्क दुसऱ्याचा. हे कागदावर बघण्याऐवजी एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघितलेलं बरं. थकलेलं चलानही ऑनलाइन दिसतं, तेही आत्ताच पाहावं.

भावाचं विचारलं तेव्हा दुकानदाराने नव्या गाडीचं कारण पुढे केलं. त्यात अर्धं खरं आहे. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला, २०१९ मध्ये ब्रेकचे नवे नियम आले, एप्रिल २०२० ला बीएस-६. नवी महागली, तिच्या मागून जुनीही वर चढली. पण २२ सप्टेंबर २०२५ ला ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, नवी उतरली, आणि या दुकानातली पाटी जागेवरच होती. शोरूममध्ये विचारलं तर तशीच नवी गाडी रोखीने, रस्त्यावर येईपर्यंत, भाच्याच्या एक लाख दहा हजारांच्या आत बसत होती. रोखीने, हे खरं. आणि रोख कुठे होती?

ती बहिणीच्या भिशीत निघाली. तिचा नंबर मार्चमध्ये होता. शेजारच्या खालाने आपला नंबर तिला दिला. त्यात भाच्याचे वीस हजार मिळवले आणि वाडीतल्याच एका निवृत्त मास्तरांची २०१७ ची १०० सीसी गाडी अडतीस हजारांना ठरली. त्यांनी ती स्वतः शोरूममधून घेतलेली, सर्व्हिसच्या पावत्या फाईलला लावलेल्या. मास्तर आम्हालाच घेऊन आरटीओत आले. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलल्याशिवाय किल्ली देणार नाही म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि नाव बदललेलं नसताना अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलेलं आहे. ज्यांनी गाडी विकून "कागद नंतर बघू" म्हटलं असेल, त्यांनी आज घरी जाऊन तेवढं बघावं.

गाडी जुनाट दिसते, भाच्याला ती फारशी आवडलेली नाही. मागचा टायर बदलावा लागला. दर महिन्याला तो अम्मीला साडेतीन हजार देतो, आणि पगाराच्या दिवशी विसरला तर ती जेवण वाढायच्या आधी आठवण करते. आमच्या सहीचा विषय पुन्हा निघाला नाही. ईदला बहीण आली तेव्हा जेवायला थांबली.